लारी : अस्सल व बनावट नाण्याची पारख

लारी : चांदीची तार मधोमध दुमडून दोन्ही अंगांवर ठसा मारलेले नाणे. इराणमधील लार या नगरावरून हे नाव आले. सोळाव्या-सतराव्या शतकांत ते इराणी आखातापासून श्रीलंकेपर्यंत चाले. कोकणात मुख्यतः विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या (कार. १६५६–७२) नावाच्या लाऱ्या मिळतात.

या लाऱ्या कोठे पाडल्या, याविषयी एकमत नाही. मागील बाजूच्या फार्सी लेखातील एक शब्द काही अभ्यासक ‘दाबुल’ (दाभोळ) असा वाचतात, तर काही ‘दांगी’ असा. नुक्ते (फार्सी अक्षरांचे ठिपके) तारेच्या बाहेर गेल्याने केवळ अक्षरवटिकेवरून निर्णय होत नाही. मात्र वाचता येणारे सनाचे अंक बहुधा हिजरी १०७० (इ. स. १६५९–६०) नंतरचे आहेत आणि १६६० च्या सुमारास दाभोळ शिवाजी महाराजांकडे गेले होते. त्यामुळे ‘दांगी’ हे दुसरे वाचन अधिक सयुक्तिक वाटते. केवळ ‘दाभोळ टांकसाळ’ म्हणून जादा किंमत मागितली जात असेल, तर हे ध्यानात ठेवावे.

पारख छापापासून सुरू करावी. मूळ ठसा तारेपेक्षा रुंद असे. म्हणून अस्सल लारीवर लेखाची एखादी पट्टीच उमटते. लहानशा जागेत अख्खा लेख नीटनेटका बसलेला दिसला, तर संशय घ्यावा. ठशाखाली तार दबून रुंदावते आणि कडेला बारीक चिरा पडतात. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात, खोलगटात सूक्ष्म छिद्रे दिसतात आणि कडेने सांध्याची रेघ घासून काढलेली असते. दहापट भिंगातून हे कळते. दोन लाऱ्यांवर लेखाचा तोच तुकडा त्याच जागी असेल आणि छिन्नीची खूणही तीच असेल, तर त्या एकाच साच्यातल्या, म्हणजे बनावट समजाव्यात.

छिन्नीचा घाव हा दोष नव्हे. आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी सराफ तो घालीत. जुन्या घावाचा तळ बाहेरच्या पृष्ठभागाइतकाच काळवंडलेला असतो. लखलखीत तळ म्हणजे घाव ताजा.

वजन साधारण ४.६ ते ४.९ ग्रॅम भरते. विशिष्ट गुरुत्वासाठी (धातू तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड, ते पाहण्यासाठी) ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. मग बारीक दोऱ्याला बांधलेली लारी वाटीच्या तळाला न टेकवता बुडवावी. काटा दाखवील त्या आकड्याने लारीचे कोरडे वजन भागावे. ४.८० ग्रॅमच्या चांदीच्या लारीला काटा ०.४६ च्या आसपास दाखवतो (गुरुत्व सु. १०.५), जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल व जस्त यांचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) किंवा मुलामा दिलेले तांबे ०.५४–०.५५ दाखवते. लारीत एक चूक हटकून होते : दुमडीत हवेचे बुडबुडे अडकतात, गुरुत्व कमी येते आणि अस्सल नाणे खोटे ठरते. पाण्यात द्रवरूप साबणाचा थेंब टाकावा व लारी हलवून बुडबुडे काढावेत. चांदीच्याच तारेची नवी नक्कल मात्र या कसोटीतून सुटते. कसोटीच्या दगडावरील कसही पृष्ठभागापुरताच बोलतो. लोहचुंबकाने फक्त लोखंड वगळता येते.

किनाऱ्यावरील खारट जमिनीत चांदीवर क्लोराइडचा राखाडी-तपकिरी, धातूत मुरलेला थर चढतो. गंधकाने मुद्दाम आणलेला काळेपणा एकसारखा असतो व पुष्कळदा बोटाने चोळल्यावर निघतो. चिंच किंवा लिंबाने लारी घासू नये. त्याने जुन्या घावातील काळेपणाही जातो आणि पारखीचा मोठा आधार नाहीसा होतो.