मुठीचं माप कागदावरच का मागतो?

“मूठ अकरा सेंटिमीटर आहे, तेवढं चामडं कापून पाठवा.” आम्ही धनुष्याच्या मुठीवर चामडं बसवून देतो आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तरी असा मेसेज येतो. त्यावर आम्ही कागदावरचं माप मागतो आणि काही पालक नाराज होतात. एवढ्याशा कामाला इतका खटाटोप कशाला, असं त्यांना वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

इंडियन राउंड हा तिरंदाजीचा देशी प्रकार. त्याच्या धनुष्याच्या कांबी, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, बांबूच्या आणि मूठ लाकडाची. नेम धरायला साइट नाही, धनुष्य स्थिर ठेवायला स्टॅबिलायझर नाही. खेळाडूचा भरवसा डोळ्यावर आणि दर वेळी त्याच जागी बसणाऱ्या हातावर. घामाने लाकूड निसरडं होतं, हात सरकतो, म्हणून चामडं चढवायचं. 2023 साली बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जागतिक विजेते झाल्यापासून “त्यांच्यासारखीच मूठ करून द्या” असंही काही मुलं म्हणतात. ती धनुष्यं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेली, त्यांचा सांगाडा धातूचा. तिथलं गणित वेगळं. बांबूच्या धनुष्याला अंगासरशी बसलेल्या चामड्याइतकं चांगलं दुसरं काही आमच्या पाहण्यात नाही.

पण ते अंगासरशी बसलं पाहिजे. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक मुठींचं दुखणं एकच असतं: चामडं पुरेपूर मापाचं कापलेलं. कोरडं असताना दोन्ही कडा छान भिडतात. मग ते ओलं करून शिवलं की ताणलं जातं, कडा एकमेकींवर चढतात आणि आत हवा राहते. आठ दिवसांत चामडं मुठीवर फिरायला लागतं. बाण सोडताना धनुष्य हातात वळतं आणि बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सर मुलाला हात सुधारायला सांगतात. हात बिचारा बरोबरच असतो.

त्यात फिरणारं चामडं थांबवायला लोक आत झटपट गम ओततात. मागच्या महिन्यात अशी एक मूठ सोडवायला आमची अख्खी दुपार गेली. गमाबरोबर व्हार्निश निघालं, व्हार्निशबरोबर लाकडाचा वरचा पापुद्रा. आधी लाकूड घासून, पॉलिश करून वाळवावं लागलं, चामड्याचं काम त्यानंतर. कृपा करून गम घालू नका.

आता मापाचं. मूठ म्हणजे सरळ नळी नव्हे. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बारीक, तळव्याखाली फुगीर, खाली पुन्हा निमुळती. अकरा सेंटिमीटर नेमके कुठले? म्हणून दोरी उतरवून मुठीला साधा कागद घट्ट गुंडाळा, सेलोटेपने चिकटवा. बाणाच्या टेकूखाली बोटभर जागा सोडून वरची खूण करा. शिवण बोटांच्या बाजूला, म्हणजे लक्ष्याकडच्या अंगाला येते. अंगठ्याच्या गादीखाली आली तर टोचते. म्हणून लक्ष्याकडच्या अंगाला उभी रेघ मारून त्या रेघेवर कागद कापा, उलगडा आणि तोच पाठवा. दोन्ही कडांनी दोन-दोन मिलिमीटर कमी आम्ही करतो, तुम्ही करू नका. दोघांनीही केलं तर चामड्याच्या कडा भिडतच नाहीत, हेही झालेलं आहे.

आम्ही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं वापरतो, साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचं. क्रोमच्या रसायनात कमावलेलं स्वस्त मिळतं, मऊही लागतं, पण ओलं करून मुठीवर बसवलं तरी वाळल्यावर तो आकार धरून ठेवत नाही. आमचं हाताला आधी कडक वाटेल. महिनाभरात त्यावर तुमच्या बोटांच्या खळ्या उमटतात, मग दुसऱ्याचं धनुष्य हातात धरवत नाही.

घरी शिवणार असाल तर भोकं पाडलेला तुकडा, मेणाचा दोरा आणि दोन सुया असं पाकीट देतो. चामडं पाण्यात बुडवून ठेवू नका, ओल्या फडक्यात पंधरा मिनिटं गुंडाळा. वरून सुरुवात करा आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही दोरे सारखे ओढा. ओल्या चामड्याला लोखंडी पक्कड किंवा पट्टी लावली की काळे-निळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. शिवून झाल्यावर सावलीत दोन दिवस. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. चामडं आखडून टाके फाडतं. त्या दोन दिवसांत दोरी चढवू नका.

आमच्याकडून बसवून घेतलंत तर चार दिवस लागतात. शिवायला तासभर, बाकी वेळ वाळण्याचा. स्पर्धा परवावर आली असताना “आजच द्या” म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण ओली मूठ घेऊन मुलाला मैदानावर पाठवणं आम्हाला पटत नाही. पावसाळ्यात आणखी दोन दिवस धरा. कागदावर वरची बाजू कोणती आणि खेळाडू उजवा की डावा, एवढं पेनाने लिहायला विसरू नका.