इंजिनातला कूलर

जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं उतरतं तेव्हा दौलतगंजात सायकलमध्ये हवा भरून बघा. बोटं गारठलेली असतात, पण पंधरा-वीस दट्ट्यांनंतर हातपंपाचं बूड चांगलंच तापतं. ‘भैया, हाथ बचाके,’ असं पंक्चरवाला बजावतो ते उगीच नाही. हवा कोंडून दाबली की तापते. अंतराळविमान, म्हणजे विमानासारखं उडून अवकाशात जाणारं यान. त्याच्या इंजिनाचं मुख्य दुखणं हेच.

रॉकेटला ऑक्सिजन सोबत वाहावा लागतो. स्पेस शटलच्या त्या नारिंगी टाकीत द्रव हायड्रोजन सुमारे १०६ टन, आणि तो जाळायला द्रव ऑक्सिजन ६२९ टन! सुरुवातीचे वीस-पंचवीस किलोमीटर भोवती हवा फुकट असते. तिथवर तीच ओढायची, पुढे टाकीतला ऑक्सिजन वापरायचा, आणि विमानासारखं धावपट्टीवर परत यायचं. ॲलन बाँड आणि दोन सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये काढलेल्या रिॲक्शन इंजिन्स कंपनीचं ‘सेबर’ इंजिन याच कल्पनेवर बेतलेलं.

पण ध्वनीच्या पाचपट वेगात तोंडाशी अडलेली हवा हजार अंशांवर जाते. ती तशीच कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंख्यांत, गेली तर पाती टिकणार नाहीत. म्हणून आधी कूलर. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या हजारो नळ्या, त्यांच्या भिंती कागदाहून पातळ. नळ्यांत थंड हेलियम, आणि हेलियमला गार करायला उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन, जो शेवटी जाळायचाच आहे. हवेतून काढलेली उष्णताही फुकट जात नाही. तापलेला हेलियम टर्बाइन फिरवतो आणि त्यावरच कॉम्प्रेसर चालतो. हा काटकसरी हिशेब मला फार आवडतो, अगदी आजीच्या स्वयंपाकघरातला.

दुसरी अडचण बर्फाची. जुन्या फ्रीजच्या कप्प्यात साचतो तसा हवेतल्या बाष्पाचा बर्फ नळ्यांवर धरला की वाट क्षणात बंद. त्यावर उपाय म्हणून मिथेनॉलचा फवारा.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, जमिनीवरच, या कूलरने मॅक ५ ला, म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाला, तापते तितकी तापलेली हवा सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत थंड केली. पूर्ण इंजिन मात्र उडालंच नाही. पैसे न मिळाल्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनी बुडाली.

इस्रोची वाट वेगळी. २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेल्या चाचणीत स्क्रॅमजेट हे हवा ओढणारं इंजिन पाच सेकंद पेटलं. त्यात कूलर नाही, कॉम्प्रेसरही नाही. हवा स्वतःच्याच वेगाने दाबली जाते. पण ते उभ्या जागेवरून सुरू होत नाही. आधी कुणीतरी ढकलावं लागतं, आणि ते काम पुन्हा रॉकेटचंच.