वर्तिका: वात की पाखरू?

वर्तिका नावाच्या मुलीला अर्थ विचारला, तर ‘दिव्याची वात’ असं उत्तर येतं. ते चूक नाही. पण ऋग्वेदातली वर्तिका हे पाखरू आहे, लाव्याच्या जातीचं, गवतात दडणारं.

पहिल्या मंडलाच्या 116व्या सूक्तात अश्विनीकुमारांच्या पराक्रमांची यादी येते. त्यात ‘आस्नो वृकस्य वर्तिकाम्’, म्हणजे लांडग्याच्या जबड्यातून त्यांनी वर्तिकेला सोडवलं, असा उल्लेख आहे. एवढ्याशा पाखरासाठी दोन देव का धावले, हा प्रश्न जुन्यांनाही पडला असावा. वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या ग्रंथाचे कर्ते यास्क यांनी वृक म्हणजे सूर्य आणि त्याने ग्रासलेली वर्तिका म्हणजे उषा, असा अर्थ लावला. एकोणिसाव्या शतकात संस्कृतचे जर्मन अभ्यासक मॅक्स म्युलर त्याच वाटेने गेले: ‘वृत्’ म्हणजे वळणं, म्हणून वर्तिका ही पुन्हा परतणारी पहाट. कल्पना सुंदर आहे, पण मला ती जरा ताणलेली वाटते. लांडग्याच्या तोंडी पाखरू सापडणं ही रानातली साधी गोष्ट आहे.

शब्द मात्र खरोखर जुना. ग्रीकमध्ये या पक्ष्याला ‘ऑर्टिक्स’ म्हणतात. त्याच्या आरंभी एके काळी ‘व’ होता, तो पुढे गळाला. भाषाशास्त्रज्ञ त्याला वर्तिकेचा सख्खा भाऊ मानतात. सिसिलीतल्या सिराक्यूजजवळचं ऑर्टिजिया बेट याच पक्ष्याच्या नावाचं.

आपल्याकडे या शब्दावरून व्याकरणातही मतभेद झाले. पाणिनीच्या 7.3.45 या सूत्रावरच्या वार्तिकानुसार, म्हणजे पुरवणी नियमानुसार, पूर्वेकडचे लोक पक्ष्याला ‘वर्तका’ म्हणत, तर उत्तरेकडचे ‘वर्तिका’. पक्षी सोडून दुसरा अर्थ असेल तर मात्र सगळ्यांची वर्तिकाच. पालीत त्याचं ‘वट्टक’ झालं. एका जातककथेत वट्टकाचं पिल्लू सत्यवचनाच्या बळावर वणवा थोपवतं.

मराठीत पाखराच्या अर्थाने वर्तिका उरली नाही. इथे टिकला तो संस्कृत ‘लाव’वरून आलेला लावा. त्याची व्युत्पत्ती ‘लू’, म्हणजे कापणं, या धातूवरून सांगतात. चरकसंहितेत लाव, वर्तक आणि वर्तिका ही नावं वेगवेगळी मोजली आहेत. त्या सगळ्यांपुढे ‘लावा पक्षी’ एवढंच लिहून मोकळं होणं हा कोशकारांचा आळस.