स्पॉटरची वही ते आजचा रिप्ले : विमानांच्या रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

घरच्या अँटेनानं विमानांचे रेडिओ सिग्नल पकडून रेकॉर्ड करायचे आणि नंतर नकाशावर रिप्ले करून बघायचे, असा हा छंद. त्यात पहाटे तीनला डोंबिवलीवरून गेलेलं विमान सकाळी रेकॉर्डमध्ये शोधायला बसलं की नवखा माणूस हमखास गंडतो, कारण ते सापडतं आदल्या दिवसाच्या फोल्डरमध्ये. हे सगळं सॉफ्टवेअर युटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर चालतं, म्हणजे आपल्याकडे त्याची तारीख बदलते पहाटे साडेपाचला, दूधवाला येतो त्या सुमारास. बरं, फोल्डर मिळालं, विमानाच्या नंबरची फाइल मिळाली, ती नोटपॅडमध्ये उघडली तर आत नुसता कचरा, कारण नावाच्या शेवटी जेसन (साध्या अक्षरांत लिहिलेला डेटा) असलं तरी आतून ती जीझिप करून, म्हणजे झिपसारखी, दाबलेली असते. मी पहिल्यांदा फाइल करप्ट झाली समजून डिलीट केली होती, आता हसू येतं. पण हे सगळं असं विचित्र का आहे ते कळायला जरा मागे जावं लागतं.

रडारची मूळ आयडिया साधी, लहर सोडायची आणि आपटून परत आली की तिकडे काहीतरी आहे म्हणायचं. पण नुसत्या ठिपक्यावरून विमान कुठलं आणि किती उंचीवर हे कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे ओळखायला विमानातच उत्तर देणारं यंत्र बसवलं, त्यातूनच पुढे ट्रान्सपॉन्डर आला. हे उत्तर जमिनीवर वाचायची सोय नसली की काय होतं ते आपण १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीला बघितलं. सौदीचं आणि कझाकस्तानचं विमान हवेत आदळलं, ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या कंट्रोलरला तेव्हा नुसता प्रायमरी, म्हणजे आपटून आलेली लहर बघणाऱ्या रडारचा ठिपका दिसायचा, उंची पायलट सांगेल ती खरी मानायची.

मोड एस नावाच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये प्रत्येक विमानाला २४ बिटांचा (लिहायला सहा अक्षरांचा) स्वतःचा पत्ता मिळाला. भारतातल्या विमानांचे पत्ते ८०, ८१, ८२, ८३ ने सुरू होतात, त्यामुळे सवय झाली की नुसता कोड बघून आपलं की बाहेरचं ते कळतं. त्याच्यावर एडीएस-बी आलं, यात विमान स्वतःच जीपीएसवरून आपली जागा काढून १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा ओरडून सांगतं. आणि ते उघड असतं, कुलूप वगैरे काही नाही, ज्याच्याकडे अँटेना त्याने ऐकावं.

ते सगळ्यात आधी हौसेनं ऐकलं कोणी, तर ब्रिटनमधल्या विमानं बघणाऱ्या स्पॉटर लोकांनी. यांची पद्धत म्हणजे विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहायचं, दुर्बिणीतून शेपटाजवळचा नंबर वाचायचा आणि वहीत टिपायचा, एकदा टिपला की तो नंबर आपला. या वह्या भलत्याच महागात पडल्या होत्या, २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे हवाई दलाच्या तळाजवळ बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं, शिक्षाही सुनावली आणि पकडल्यापासून वर्षभरानं अपिलात सोडलं. नुसते नंबर टिपायला कोणी इतक्या लांब येतं यावर तिथल्या लोकांचा विश्वासच बसेना. आपल्या घरच्यांचाही बसत नाही म्हणा.

२००५ मध्ये कायनेटिक या ब्रिटिश कंपनीनं एसबीएस-१ नावाचा डबा काढला, घरात ठेवायचा, अँटेना लावायची आणि कॉम्प्युटरवर बेसस्टेशन हे सॉफ्टवेअर चालवायचं. ते सगळं नोंदवायचं बेसस्टेशन डॉट एसक्यूबी या फाइलीत, जी खरं तर साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे. मला या विषयातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट ही फाइल वाटते. आत एक टेबल विमानांचं, त्यात पत्ता, रजिस्ट्रेशन, प्रकार, मालक. दुसरं टेबल उड्डाणांचं, आणि त्यात कॉलसाइन (रेडिओवर उड्डाणाचं नाव), सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, पहिलं ठिकाण, शेवटचं ठिकाण, पहिली उंची, शेवटची उंची. बस. मधला रस्ता त्या टेबलात नाहीच! मुंबईवरून विमान सरळ गेलं का चार घिरट्या घालून गेलं हे त्यातून कळायला मार्ग नाही. म्हणजे फाइल डेटाबेसची पण डोकं वहीचंच, नंबर दिसला, कधी दिसला, झालं.

त्याच सॉफ्टवेअरनं ३०००३ नंबरच्या पोर्टवर (जिथून दुसरे प्रोग्राम डेटा घेऊ शकतात) प्रत्येक मेसेज कॉमा टाकून एका ओळीत बाहेर द्यायची सोय केली होती, तीन नंबरचा मेसेज म्हणजे हवेतलं ठिकाण, चार नंबरचा म्हणजे वेग. ज्यांना रस्ता हवा होता ते या ओळी जमवायला लागले. डबा कधीचा जुना झाला पण तो पोर्ट नंबर आणि त्या ओळी अजून जवळपास सगळीकडे चालतात. २०१० च्या सुमारास व्हर्च्युअल रडार सर्व्हर हे फुकट सॉफ्टवेअर आलं, ते ब्राउझरमध्ये नकाशा दाखवायचं आणि जुनी एसक्यूबी फाइलही वाचायचं, त्यामुळे लोकांची वर्षानुवर्षांची नोंद वाया गेली नाही.

इकडे स्वीडनमध्ये विमान तिकिटांच्या भावांची तुलना करणाऱ्या साइटवाल्यांनी २००६ मध्ये जोडधंदा म्हणून रिसीव्हर लावले, तेच पुढे विमानं नकाशावर दाखवणारं फ्लाइटरडार२४ झालं. पण आपल्यासारख्यांसाठी दार उघडलं २०१२ मध्ये, टीव्ही बघायच्या स्वस्त यूएसबी डोंगलमधल्या रिअलटेकच्या चिपमधून कच्चा रेडिओ सिग्नल काढता येतो हे लक्षात आल्यावर. मग रेडिस हा डेटाबेस बनवणाऱ्या साल्वातोरे सान्फिलिप्पोनं त्या सिग्नलमधून विमानांचे मेसेज काढणारा डंप१०९० हा प्रोग्राम लिहिला आणि महागड्या डब्याचं काम दीड-दोन हजाराच्या डोंगलवर आलं.

यातही एक गोची होती. हे प्रोग्राम बहुतेक लोक रास्पबेरी पाय या छोट्या, मेमरी कार्डावर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर चालवतात आणि सेकंदासेकंदाला मेमरी कार्डावर लिहिलं तर कार्ड मरतं (माझं पहिलं कार्ड गणपतीच्या आधी लावलं ते दिवाळीला गेलं, आणि त्याच्याबरोबर सगळा डेटा). म्हणून ताजी माहिती रॅममध्ये ठेवायची पद्धत पडली, लाइट गेली की पाटी कोरी. रेकॉर्डिंग हवं असेल तर वेगळं चालू करावं लागतं, आणि त्यातूनच रीड्सबी (मेसेज उलगडणारा प्रोग्राम) आणि टार१०९० (नकाशा दाखवणारा) यांची ती सुरुवातीला सांगितलेली रचना आली, वर्ष, महिना, दिवस, मग पत्त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांचं फोल्डर आणि आत प्रत्येक विमानाची अख्खी वाट असलेली दाबलेली फाइल. एका फोल्डरमध्ये हजारो फाइली कोंबल्या जाऊ नयेत म्हणून ती दोन अक्षरं, आणि जागा कमी लागावी, ब्राउझरला तशीच पाठवता यावी म्हणून दाबलेली.

नकाशावर रेघ दिसते तेवढंच रेकॉर्डिंग नसतं, हे २०१५ मध्ये सगळ्यांना कळलं. २४ मार्चला जर्मनविंग्जचं विमान आल्प्समध्ये आपटलं, तेव्हा फ्लाइटरडार२४ वाल्यांनी साठवलेले कच्चे मेसेज पुन्हा उलगडले. त्यात ऑटोपायलटला दिलेली उंची ३८,००० फुटांवरून एकदम ९६ फुटांवर आलेली दिसली. ९६ का, तर ही उंची १६ फुटांच्या पायऱ्यांनी पाठवली जाते, म्हणजे आत लावली होती १००. नुसती रेघ ठेवून बाकीचं फेकलं असतं तर हे सापडलंच नसतं.

याच्या उलटा घोळ झाला १२ जून २०२५ ला, अहमदाबादच्या एअर इंडियाच्या विमानाच्या वेळी. शेवटचा सिग्नल ६२५ फुटांचा, म्हणून तासाभरात सगळीकडे विमान ६२५ फूट वर गेलं असं सुरू झालं. अरे पण ती उंची प्रमाण हवेचा दाब धरून काढलेली असते, विमानतळ मुळात समुद्रसपाटीपासून दोनेकशे फूट वर, त्यात जूनचा कमी दाब, हिशोब केला तर धावपट्टीपासून ते शंभर फुटांच्या आतच निघतं. वर आणखी अर्ध्या धावपट्टीवरूनच उडालं अशी आवई उठली, कारण जमिनीवरचे सिग्नल सुरुवातीच्या डेटात पुरते आले नव्हते. नंतर एकेका रिसीव्हरचा डेटा तपासल्यावर विमान मागे जाऊन पूर्ण धावपट्टी वापरून उडाल्याचं फ्लाइटरडार२४ नंच सांगितलं. रेकॉर्डमध्ये भोक असलं की विमान तिथे नव्हतं असं होत नाही, तिथलं ऐकू आलं नाही एवढंच.

आणि डेटा कोणाचा, हा वाद वेगळाच. २०१६ मध्ये सुरू झालेलं एडीएस-बी एक्स्चेंज हे नेटवर्क डेटा पाठवणाऱ्या हौशी लोकांच्या जीवावर वाढलं, ते जानेवारी २०२३ मध्ये जेटनेट या कंपनीला विकलं गेल्यावर बऱ्याच जणांनी रागानं आपला डेटा पाठवणं बंद केलं आणि नवीन खुली नेटवर्कं उभी राहिली. संशोधनासाठी ओपनस्काय हे नेटवर्क आधीपासून होतंच.

मी आता दोन्ही ठेवतो, कच्चे मेसेज आठवडाभर आणि वाटांच्या फाइली कायमच्या, कार्डावर नाही तर जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन दिवस परवा शेजारी शेजारी लावून बघत होतो. नंतरच्या दिवसात दक्षिणेकडे नवीन रेघा आल्यात, पण उतरताना त्या खाली येता येता मध्येच तुटतात, तेवढ्या खालचं माझ्या गच्चीवरून ऐकूच येत नाही.