हॉफमन, पॉल ग्रे

(२६ एप्रिल १८९१–८ ऑक्टोबर १९७४). अमेरिकन उद्योगपती, मार्शल योजनेचे (दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपच्या पुनर्रचनेसाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीची योजना) पहिले प्रशासक आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकासकार्याचे सूत्रधार. जन्म शिकागो येथे. विद्यापीठीय शिक्षण अर्धवट सोडून ते मोटारविक्रीच्या धंद्यात शिरले व लॉस अँजेल्समध्ये स्टूडबेकर मोटारींचे विक्रेते म्हणून त्यांनी मोठी संपत्ती मिळविली. १९२५ मध्ये ते कंपनीचे उपाध्यक्ष झाले. महामंदीत, १९३३ साली, कंपनीचे दिवाळे वाजल्यावर हॅरल्ड व्हान्स यांच्यासह त्यांनी ती सावरली आणि १९३५ ते १९४८ पर्यंत तिचे अध्यक्षपद भूषविले.

हॉफमन रिपब्लिकन असूनही डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी एप्रिल १९४८ मध्ये त्यांच्याकडे मार्शल योजना राबविणारे आर्थिक सहकार्य प्रशासन सोपविले. यूरोपच्या मदतीचा पैसा परराष्ट्र खात्याऐवजी व्यवहार जाणणाऱ्या उद्योजकाच्या हाती असावा, असा अमेरिकन काँग्रेसमधील अनेकांचा आग्रह होता.

मदत मुख्यतः मालाच्या रूपाने जाई. फ्रेंच शेतकरी अमेरिकन ट्रॅक्टरची किंमत फ्रँकमध्ये भरी, अमेरिकन उत्पादकाला मात्र डॉलर मिळत. अनुदानाइतके स्थानिक चलन संबंधित सरकारने ‘समतुल्य निधी’त जमा करावयाचे, त्यातील ५ टक्के अमेरिकेसाठी राखून ठेवावयाचे आणि उरलेले प्रशासनाच्या संमतीने त्याच देशात खर्च करावयाचे, अशी व्यवस्था होती. फ्रान्सने हा निधी प्रामुख्याने औद्योगिक गुंतवणुकीकडे, तर ब्रिटनने सरकारी कर्जफेडीकडे वळविला. ३१ ऑक्टोबर १९४९ रोजी पॅरिसमधील भाषणात हॉफमन यांनी पश्चिम यूरोपच्या एकसंध बाजारपेठेचा जाहीर आग्रह धरला.

योजनेची एकूण मदत सुमारे १,३०० कोटी डॉलर मानली जाते. तिच्या परिणामाविषयी मात्र एकमत नाही. इतिहासकार ॲलन मिलवर्ड यांच्या मते यूरोपची पुनर्रचना ही मदत पोहोचण्यापूर्वीच सुरू झाली होती. अर्थशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड डी लाँग व बॅरी आयकेनग्रीन यांनी रकमेपेक्षा तिच्याबरोबर आलेल्या धोरणविषयक अटींना महत्त्व दिले. निधीच्या खर्चाला लागणारी संमती लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

१९५० मध्ये हॉफमन योजनेच्या प्रशासकपदावरून निवृत्त झाले व काही काळ फोर्ड प्रतिष्ठानचे अध्यक्ष होते. १९५६-५७ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकन प्रतिनिधिमंडळाचे सदस्य होते. १९५९ पासून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष निधीचे संचालन केले. भांडवल गुंतविण्याआधीची पाहणी, संशोधन व प्रशिक्षण यांवर या निधीचा भर होता. १९६६ मध्ये तांत्रिक साहाय्य कार्यक्रमाशी त्याचे एकत्रीकरण होऊन संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम अस्तित्वात आला. त्याचे ते १९७२ पर्यंत प्रशासक होते. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.