टेकडीवरचं घर सामानासकट विक्रीला: उंब्रियातल्या जुन्या गावांमागची पार्श्वभूमी

मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांताच्या उत्तरेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंबेर्तीदे आणि चित्ता दी कास्तेल्लोच्या मधल्या पट्ट्यात, टेकड्यांवरच्या गावांतली दगडी घरं सामानासकट विकायला निघतात. मोंतोने हे त्यातलं नमुन्याचं गाव. तटबंदी, पंधराव्या शतकातला भाडोत्री सेनापती, चर्चमधली चित्रं हे सगळं पर्यटनाच्या पत्रकात मिळतं, ते इथे सोडून देतो, कारण घर घेणाऱ्याच्या कामाचा इतिहास खरं तर १९४२ नंतरचाच आहे.

आपल्यासाठी मधेच एक नोंद मात्र हवी. जुलै १९४४ मध्ये याच खोऱ्यात जर्मनांशी लढताना मराठा लाइट इन्फन्ट्रीतला माणगावकडचा एक नाईक मारला गेला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये मोंतोनेत त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. तिकडे घर बघायला जाणाऱ्या मराठी माणसानं आधी तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

आता घरं रिकामी का झाली ते. इथली शेती पिढ्यानपिढ्या अर्धेलीवर चालायची, जमीन मालकाची, राबायचं कुळानं आणि पीक निम्मं निम्मं. १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद केले आणि चालू करारांत कुळाचा वाटा ५८ टक्के केला, पण तोवर उशीर झाला होता, पोरं कारखान्यांकडे निघून गेली होती. शेतकरी गेल्यावर गावातल्या लोहार-सुतार-दुकानदाराचंही गिऱ्हाईक गेलं आणि टेकडीवरची घरं एकेक करून बंद झाली. पुढे त्यातली काही परदेशी लोकांनी स्वस्तात घेतली, बाथरूम घातलं, खाली जिथे गाढव बांधायचे तिथे किचन काढलं.

सामानासकट विकणारे मुख्यतः दोन प्रकारचे. एक वारसदार. आजी गेली, चार भावंडं चार शहरांत, आपल्याकडच्या गावातल्या वाड्यासारखंच, सह्या गोळा करतानाच दमछाक, कपाटं खाली उतरवायला कुणाला वेळ नाही. अशा घरात पीठ मळायची झाकणवाली लाकडी पेटी अजून चुलीशेजारी असते, आणि पलंगाखाली एक लाकडी सांगाडा सापडतो, थंडीत त्यात निखाऱ्यांचं भांडं ठेवून गादी गरम करायचे. दुसरे म्हणजे वय झालेले ब्रिटिश मालक, ब्रेक्झिटमुळे २०२१ पासून त्यांना व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, मग सहा महिने सलग राहायचा बेत संपला आणि घर सोफ्यासकट बाजारात आलं. सामानाची वेगळी यादी करून त्यावर घेणारा आणि विकणारा दोघांच्या सह्या घ्याव्यात, नुसत्या जाहिरातीतल्या शब्दावर राहू नये.

पण खरा गुंता कागदांचा आहे आणि तो एका तारखेभोवती फिरतो, १ सप्टेंबर १९६७. जाहिरातीत 'सदुसष्टच्या आधीचं' असं अभिमानानं लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं की सगळं क्लिअर. तसं नाही. १९४२ च्या नगररचना कायद्यानं बांधकामाचा परवाना सक्तीचा केला तो फक्त वस्तीच्या हद्दीत, बाहेरच्या रानातल्या घरांना नाही. १९६७ च्या कायद्यानं ती सक्ती नगरपालिकेच्या सगळ्या हद्दीत नेली. नंतर १९८५ च्या, बेकायदा बांधकामांना माफी देणाऱ्या कायद्यात एक सोय केली की १ सप्टेंबर १९६७ च्या आधी सुरू झालेलं बांधकाम असेल तर विकताना परवान्याऐवजी मालकाचं तसं लेखी निवेदन चालेल. म्हणजे ही तारीख खरेदीखतासाठीची सोय आहे, बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला नाही. गावाच्या तटबंदीच्या आतल्या घराला तर १९४२ चीच रेषा लागते, १९५५ मध्ये कुणी मजला चढवला असेल तर त्याचा परवाना असायलाच हवा होता. आणि १९८० च्या दशकात गाढवाच्या गोठ्याचं किचन झालं त्याला यातली कुठलीच तारीख वाचवत नाही.

यावर कोर्टातही दोन मतं होती. २०१३ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांनी म्हटलं की बेकायदा बांधकाम असलेल्या घराचा व्यवहारच रद्द. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं वेगळा निर्णय दिला, की खतात परवान्याचा उल्लेख असेल, तो परवाना खरा असेल आणि त्याच घराचा असेल तर खत वैध, बांधकाम त्याबरहुकूम असो वा नसो. बाजाराला यानं हायसं वाटलं, वकीलमंडळीही खूश. मला हा निकाल घेणाऱ्यावर अन्याय करणारा वाटतो. खत टिकलं म्हणजे घर टिकलं असं होत नाही, पाडायचा आदेश घरामागे येतो आणि आज जो मालक त्याच्यावर लागतो, त्यानं स्वतः काहीही केलेलं नसलं तरी. २०१७ मध्येच प्रशासकीय न्यायालयानं सांगितलंय की कितीही वर्षं उलटली तरी नगरपालिकेचा तो अधिकार संपत नाही.

२०१० पासून आणखी एक अट आहे, भूमी अभिलेखातला नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळलं पाहिजे, नाहीतर खत रद्द. इथे लोक फसतात, कारण हा नकाशा करापुरता असतो, सर्व्हेअर चार दिवसांत नवा नकाशा चढवतो आणि गोठ्याचं किचन त्यात किचन दिसायला लागतं, पण नगरपालिकेच्या फाइलीत तो गोठाच असतो. म्हणून बयाणा देण्याआधी नगरपालिकेतल्या बांधकामाच्या फाइलीची नक्कल मागवावी. बयाणा रीतसर दिला की घेणारा फिरला तर रक्कम गेली, विकणारा फिरला तर दुप्पट परत, मग शांतपणे चौकशी करायला वाव राहत नाही.

२०२४ च्या नव्या हुकमानं थोडी मोकळीक दिली. २४ मे २०२४ पर्यंत झालेल्या कामात परवान्यातल्या मापांपेक्षा थोडा फरक चालवून घेतात, ६० चौरस मीटरच्या आतल्या घराला ६ टक्के, १०० च्या आतल्याला ५ टक्के, त्यापुढे कमी कमी होत जातो. भिंत जरा सरकली, खिडकी रुंद झाली, इतकं त्यात बसतं. वापर बदलला ते बसत नाही, त्याची वेगळी परवानगी काढावी लागते. राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७० मीटर होती, ती आता काही अटींवर २.४० चालते, आणि टेकडीवरच्या ठेंगण्या घरांना याचा खरा उपयोग आहे. खालच्या खोलीचं छत त्याहूनही खाली असेल तर ती कागदावर कोठारच राहते, भाव ठरवताना तेवढे चौरस मीटर राहत्या जागेत धरू नयेत.