परजीवी गांधीलमाश्यांना पोसणारी फुलझाडे

किडींच्या अंगात किंवा अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना मधुरस पुरवणाऱ्या वनस्पती. अळी असताना ही माशी किडीला आतून खाऊन संपवते. मोठी झाली की तिचे पोट मुख्यतः गोडावर भरते. मधुरस मिळाला नाही, तर कित्येक जातींच्या माद्या दोन-तीन दिवसांत मरतात आणि बरीच अंडी घालायची राहून जातात. त्यामुळे कीड भरपूर पण जवळ फूल नाही, अशा ठिकाणी त्या फारशा टिकत नाहीत.

गांधीलमाशी म्हटले की मुंबईकराला छज्ज्याखालचे पोळे आठवते. या माश्या त्या नव्हेत. त्यांतली ट्रायकोग्रामा ही जात जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. ती शेतात सोडण्यासाठी शेतकऱ्याला मिळणाऱ्या एका ट्रायकोकार्डवर तांदळावरील पतंगाची सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ही माशी वाढत असते.

या माश्यांची सोंड आखूड असल्याने खोल नळीची फुले निरुपयोगी. शेपू, बडीशेप, कोथिंबीर यांचा छत्रीसारखा फुलोरा मात्र उत्तम, कारण त्यातला मधुरस उघड्यावर असतो. मोहरीही चालते. म्हणजे कामाची झाडे बहुतेक स्वयंपाकघरातलीच. अडचण एवढीच की आपण ती फुलू देत नाही. गच्चीवरच्या कुंडीतल्या कोथिंबिरीला तुरा आला, की ती ‘वाया गेली’ म्हणून उपटतात. खरे तर तिचा उपयोग तेव्हा सुरू होतो. याउलट दादरच्या फूलबाजारातला टपोरा झेंडू मित्रकीटकांसाठी मुद्दाम लावला जातो, पण भरगच्च पाकळ्यांतून या माशीला मधुरसापर्यंत वाट मिळत नाही. टोमॅटोत कीड स्वतःकडे ओढून घेणारे सापळा पीक म्हणून झेंडू लावतात, ती गोष्ट वेगळी.

मुंबईच्या पावसात शेपू-कोथिंबीर सडते. तेव्हा चवळी लावावी. तिला फुलांबाहेरही मधुग्रंथी असतात, एरंडालाही असतात. कंपाउंडच्या भिंतींवर गुलाबी झुबक्यांनी लोंबणारी आइस्क्रीम वेल इथे निव्वळ शोभेची समजली जाते, पण मलेशिया-इंडोनेशियातील तेलताडाच्या मळ्यांत पाने खाणाऱ्या पिशवीकिडींच्या शत्रूंना खाद्य मिळावे म्हणून ती टर्नेरा या फुलझाडाबरोबर मुद्दाम लावतात.

माशीने काम केले की नाही, हे भिंगाशिवायही कळते. हिरवा किंवा काळा मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) एकाएकी फुगून कागदी, तपकिरी-सोनेरी झाला आणि पानाला चिकटून राहिला, तर त्याची ‘ममी’ झालेली असते. ममीच्या पाठीला गोल छिद्र दिसले, तर नवी माशी बाहेर पडून गेली असे समजावे. अशी पाने तोडून फेकू नयेत. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणालाही (पांढऱ्या पिठासारख्या आवरणाची रस शोषणारी कीड) असे शत्रू असतात, पण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या पहारा देतात आणि माशीला हुसकतात. मुंग्या खोडावर चढणार नाहीत असे केल्याशिवाय फुले लावून फारसा फरक पडत नाही. पिठ्या ढेकणाविरुद्ध या माश्यांची ताकद देशाने पाहिली ती पपईवर. २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळलेली ही कीड, प्वेर्तो रिकोहून आणलेली अ‍ॅसेरोफॅगस पपाये ही माशी २०१० मध्ये सोडल्यावर आटोक्यात आली.

कुंडीतल्या मातीत इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घातले, की ते मुळांवाटे मधुरसातही उतरते. मग तेच फूल माशीला विष पाजते.

या माश्या आपल्या आवडीनिवडी जाणत नाहीत. कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या हौसेने वाढवणाऱ्यांना एखाद्या सकाळी कोशातून फुलपाखराऐवजी टाचणीएवढ्या छिद्रातून डझनावारी इवल्या माश्या बाहेर पडताना दिसतात.